मान, हनुवटी आणि भिंतीवरचे कालनिर्णय : पीसीओएसची लक्षणे ओळखायची कशी?

मोगरा | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. मी बत्तीस वर्षांची असून कोथरूडला राहते आणि हिंजवडीत नोकरी करते. गेल्या महिन्यात मला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, बीजांडकोश आणि संप्रेरके यांचा विकार), म्हणजे आपण सगळे ज्याला सर्रास पीसीओडी म्हणतो ते, असल्याचे निदान झाले. निदान ऐकून मी फारशी हादरले नाही. मात्र ज्या लक्षणांवरून ते झाले, ती सगळी मला दहा-अकरा वर्षांपासून ठाऊक होती आणि त्यांतल्या प्रत्येकासाठी मी कुणाला ना कुणाला पैसे मोजले होते, हे लक्षात आल्यावर मला स्वतःचाच राग आला.

हनुवटीवरच्या राठ केसांसाठी मी दर पंधरा दिवसांनी पार्लरमध्ये जात असे. जबड्याच्या कडेने येणाऱ्या, दुखऱ्या मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे दोन वर्षे गेले. मानेमागचा काळेपणा हा मळ आहे असे आमच्या घरी ठामपणे मानले जाई, त्यामुळे दर दिवाळीत आई उटणे लावताना माझी मान इतकी घासत असे की कातडी लाल होई, पण काळी रेघ तशीच राही. पोटाभोवती वाढलेल्या वजनासाठी व्यायामशाळेचे वर्षाचे शुल्क भरले. पाळी लांबते म्हणून मात्र कुणाकडेच गेले नाही, कारण महाविद्यालयात असताना परीक्षेचा ताण, नंतर नोकरीचा ताण, असे उत्तर प्रत्येक वेळी तयार असे.

निदानानंतर डॉक्टरांनी जुन्या तारखा विचारल्या. आमच्याकडे स्वयंपाकघरातले कालनिर्णय दुधाच्या हिशेबासाठी जपून ठेवतात आणि त्यावरच आई माझ्या पाळीच्या दिवशी एक बारीक फुली करीत असे. माझ्या एकविसाव्या वर्षीच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे एकूण एक नोंदलेले आहेत, आणि फुल्या आहेत सहा. दुधाचे खाडे दर महिन्याला मोजले गेले. फुल्या कुणी मोजल्या नाहीत.

हा धागा काढण्याचे कारण असे की, ही लक्षणे एकेकटी पाहिली तर त्यांतले एकही घाबरण्यासारखे वाटत नाही आणि प्रत्येकाला वेगळा दरवाजा सापडतो. आपल्यापैकी ज्यांना हा अनुभव आहे त्यांनी लक्षणे कोणत्या क्रमाने आली आणि शंका कशावरून आली ते लिहावे. काढे, चूर्णे आणि आहाराचे तक्ते यांच्यासाठी दुसरे धागे आहेत. येथे फक्त ओळखण्याविषयी बोलू या.

पर्वतीपायथा | सोमवार, रात्री ११.२५

मोगरा, दुधाच्या हिशेबाची गोष्ट वाचून मी आमचे कालनिर्णय काढून बसले आहे.

माझा प्रश्न मुलीविषयी आहे. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिला पाळी सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली आहेत. पोटात दुखते म्हणून मागच्या आठवड्यात सोनोग्राफी केली, तेव्हा अहवालात दोन्ही बीजांडकोश 'पॉलिसिस्टिक' दिसत असल्याचा उल्लेख आला. पोटदुखी दोन दिवसांत थांबली, पण घरात तेव्हापासून सुतक असल्यासारखे वातावरण आहे. सासूबाईंना तिच्या लग्नाची काळजी लागली आहे आणि मुलगी स्वतः भ्रमणध्वनीवर काहीबाही वाचून रडते आहे. तिची पाळी साधारण चाळीस दिवसांनी येते. चेहऱ्यावर थोडी मुरुमे आहेत, केस नाहीत. हा आजार आहे असे समजायचे का?

कर्वेनगर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ७.१०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून पस्तीस वर्षे काम करून निवृत्त झाले आहे. येथे कुणाचेही निदान करणे योग्य नाही, परंतु पर्वतीपायथा यांच्या प्रश्नात एक सार्वत्रिक गैरसमज आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

या विकाराच्या नावानेच मोठा घोटाळा करून ठेवला आहे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांचे वर्णन केले, ज्यांचे बीजांडकोश मोठे झालेले होते आणि ज्यांना पाळी येत नव्हती किंवा फार क्वचित येत होती. बीजांडकोशात जे दिसले त्याला 'सिस्ट' म्हटले गेले आणि तो शब्द आजतागायत चिकटून राहिला. वस्तुतः त्या गाठी नसतात. दर महिन्याला अनेक स्त्रीबीजांच्या पुटिका वाढू लागतात आणि त्यांतली एक पुढे जाऊन फुटते. या विकारात त्या अर्ध्या वाटेवर थबकतात आणि काही मिलीमीटर आकाराच्या त्या पुटिका सोनोग्राफीत ओळीने दिसतात. त्या काढून टाकायच्या नसतात आणि त्यांचा कर्करोगही होत नसतो. 'माझ्या गाठी विरघळल्या का?' असा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे.

निदानासाठी जगभर जे निकष वापरले जातात ते २००३ च्या रॉटरडॅम येथील बैठकीतून आले आहेत. प्रौढ स्त्रीमध्ये तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात : पाळीची अनियमितता, म्हणजे स्त्रीबीज वेळेवर न सुटणे, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, मग ते अंगावर दिसो वा रक्तात सापडो, आणि सोनोग्राफीत तशा दिसणाऱ्या बीजांडकोशांचे चित्र. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर सोनोग्राफी केली नाही तरी चालते. उलट सोनोग्राफीत तसे दिसले आणि बाकी काहीच नसले, तर तो विकार नव्हे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) या रक्ततपासणीचाही पर्याय दिला आहे.

वयात येणाऱ्या मुलींचे गणित निराळे आहे. पाळी सुरू झाल्यानंतर बरीच वर्षे निरोगी मुलींचे बीजांडकोशही असेच भरलेले दिसतात, म्हणून पहिल्या पाळीपासून आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीचा किंवा एएमएचचा निदानासाठी उपयोग करू नये असे याच सूचना सांगतात. मुलींच्या बाबतीत पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य ही दोन्ही लक्षणे असावी लागतात. अनियमिततेची व्याख्याही वयाप्रमाणे बदलते. पहिल्या वर्षी पाळी कशीही आली तरी ते स्वाभाविक असते. एक ते तीन वर्षांच्या टप्प्यात २१ दिवसांपेक्षा लवकर किंवा ४५ दिवसांपेक्षा उशिरा येणे अनियमित धरतात. आणि तीन वर्षांनंतर २१ ते ३५ दिवसांच्या बाहेर जाणे किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येणे. पहिले वर्ष उलटल्यानंतर एकदाही ९० दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले, तर ते दाखवण्यासारखे आहे.

चाळीस दिवस या अंतराकडे आता पुन्हा पाहा. तुमच्या मुलीच्या वयाला ते मर्यादेत बसते. मुरुमेही त्या वयात बहुतेकांना येतात. तारखा लिहून ठेवा, वर्षभराने त्या घेऊन एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, आणि सोनोग्राफीचा तो कागद तूर्त कपाटात ठेवा. लग्नाच्या काळजीविषयी माझे मत विचारले असते तर मी अधिक कडक शब्दांत लिहिले असते.

पर्वतीपायथा | मंगळवार, सकाळी ८.०५

मुलीला वाचून दाखवले. सासूबाईंनाही दाखवले. आभार.

अभ्यासिका | मंगळवार, दुपारी २.३०

मी चोवीस वर्षांची असून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी तीन वर्षांपासून सदाशिव पेठेत राहते. मला पाळी दोन-दोन, कधी तीन महिन्यांनी येते. हनुवटीखाली आणि बेंबीच्या खाली जाड केस येतात. खोलीतल्या मुली उठण्याआधी मी न्हाणीघरात चिमट्याने ते काढते, आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगते आहे.

परंतु माझे वजन ४६ किलो आहे. मेसचे दोन डबे आणि चहा यांवर दिवस निघतो. पीसीओएस जाड मुलींना होतो असे सगळीकडे ऐकले आहे, त्यामुळे आपल्याला ते नसणार असे मी गृहीत धरले होते. आमच्या अभ्यासिकेत निम्म्या मुलींची पाळी मागेपुढे होते आणि सगळ्याजणी ते परीक्षेवर ढकलतात. माझ्यासारख्या काडीपैलवान मुलीलाही हा विकार असू शकतो का?

हडपसरकर | मंगळवार, रात्री ९.१५

अभ्यासिका, असू शकतो. मी रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते आणि तुमच्याच अंगकाठीच्या अनेक मुलींचे नमुने आमच्याकडे येतात.

या बाबतीत आपल्या पुण्यातलीच एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. आपल्याकडचा माणूस काट्यावर सडपातळ ठरला तरी आतून तसा असतोच असे नाही, हे त्या एका चित्राने जगाला पटवले. पीसीओएसच्या मुळाशी बहुतेक वेळा जो इन्शुलिनला शरीराने दाद न देण्याचा दोष असतो, तोही त्यामुळे काट्यावर दिसत नाही. इन्शुलिन वाढले की बीजांडकोश पुरुषी संप्रेरके अधिक बनवतात, आणि तेथून केस, मुरुमे आणि लांबलेली पाळी हे सारे सुरू होते. म्हणून वजनाबरोबर कमरेचा घेरही टेपने मोजावा. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावधतेची रेषा मानतात. घेर त्याच्या आत असला म्हणजे विकार नाहीच, असेही समजू नये.

मोगरा यांच्या मानेविषयीही लिहिते. मानेमागे, काखेत किंवा जांघेत कातडी काळी, जाडसर आणि मखमलीसारखी लागते, ते या वाढलेल्या इन्शुलिनचेच चिन्ह असते. तो मळ नसल्यामुळे लिंबाच्या सालीने किंवा उटण्याने जात नाही. पाहणाऱ्यांनी मुलींच्या माना घासणे थांबवले तर बरे होईल.

कर्वेनगर_निवृत्त | बुधवार, सकाळी ६.५०

हडपसरकर यांनी लिहिले ते बरोबर आहे, फक्त त्यात एक जोड देते. पुरेसे न खाणाऱ्या, वजन फार कमी असलेल्या आणि सतत ताणाखाली असलेल्या मुलीची पाळी वेगळ्याच कारणाने थांबू शकते. तेव्हा मेंदूकडून बीजांडकोशांना जाणारा संदेशच मंदावतो. त्या अवस्थेत अंगावर जाड केस सहसा येत नाहीत. अभ्यासिका, तुमच्या बाबतीत केस आहेत, म्हणून ताणावर सगळे ढकलून मोकळे होणे बरोबर ठरणार नाही. पण कोणते कारण आहे हे तपासूनच ठरेल.

केसांविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मऊ, फिकट लव वेगळी आणि जाड, काळे, राठ केस वेगळे. १९६१ मध्ये फेरीमन आणि गॅलवे यांनी केस मोजण्याची एक पद्धत आखली, तिच्यात आज नऊ जागा पाहतात : वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा भाग, ओटीपोट, दंड, मांड्या, पाठीचा वरचा भाग आणि कंबर. प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण देतात, आणि बेरीज चार ते सहा किंवा त्याहून अधिक झाली की केस अधिक आहेत असे धरतात. नेमकी रेषा वंशाप्रमाणे थोडी बदलते. मनगटापासून कोपरापर्यंतची आणि पोटऱ्यांवरची लव त्यात मोजतच नाहीत, त्यामुळे हातांवर दाट लव आहे एवढ्यावरून कुणी घाबरू नये. तुम्ही तपासणीला जाण्याआधी केस काढून जाता आणि डॉक्टरांना स्वच्छ हनुवटी दिसते, ही माझ्या कामातली रोजची अडचण होती. संकोच वाटला तरी, 'मी दर पंधरा दिवसांनी काढते' हे वाक्य बोलून दाखवावे. डोक्यावरचे केस मात्र उलट विरळ होतात आणि भांग रुंद होत जातो, तेही सांगावे.

मोगरा | बुधवार, सकाळी ९.२०

हे माझ्याकडून घडले आहे. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम पार्लरमध्ये जाऊन आले होते, पाहुण्यांकडे जावे तशी.

हडपसरकर, तपासण्यांविषयीही लिहाल का? माझ्या दोन मैत्रिणी प्रयोगशाळेत जाऊन स्वतःच संप्रेरकांचा सगळा संच करून घेणार आहेत.

हडपसरकर | बुधवार, रात्री ८.४५

आमच्या धंद्याचे नुकसान होईल, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असा संच करू नये. पाळी लांबली असेल आणि शक्यता असेल तर पहिली तपासणी गर्भधारणेची असते, हे अनेकजणी विसरतात. त्यानंतर थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारे संप्रेरक) आणि १७-ओएचपी (१७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक) या तपासण्या सांगतात, त्या पीसीओएस शोधण्यासाठी नसून त्याच्यासारखी लक्षणे देणारे दुसरे आजार बाजूला काढण्यासाठी असतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पाहायचे असेल तर गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आकडा विश्वसनीय येत नाही. त्या बंद करून निदान तीन महिने गेलेले असावे लागतात. परंतु केवळ तपासणीसाठी गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. गोळ्या चालू असताना दर महिन्याला जो रक्तस्राव होतो त्यावरून पाळी नियमित झाली असेही समजू नये, कारण तो गोळ्यांमुळे येतो.

निदान झालेल्या प्रत्येकीची साखर पाहतात. उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून अनेकजणी निर्धास्त होतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी जी साखर पाहतात, तिच्यात दोष अधिक लवकर दिसतो. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत असावा.

सातारारस्ता | गुरुवार, दुपारी १२.१५

बायकांच्या धाग्यावर लिहावे की नाही असे वाटत होते. आमच्या लग्नाला दोन वर्षे झाली आहेत. पत्नीची पाळी पन्नास दिवसांनी येते. नातेवाइकांत 'पीसीओडी म्हणजे मूल होत नाही' असे सांगितले जाते. ते खरे आहे का?

कर्वेनगर_निवृत्त | गुरुवार, दुपारी ३.००

खरे नाही. स्त्रीबीज क्वचित सुटते, त्यामुळे उशीर होतो. स्त्रीबीज सुटण्यासाठी लेट्रोझोलसारखी औषधे आहेत आणि ती पुष्कळजणींना लागू पडतात. दोघांनी मिळून जा, तुमचीही वीर्यतपासणी करून घ्या. ज्यांना मूल नको आहे त्यांनी मात्र 'मला पीसीओडी आहे, मला काही होणार नाही' या भरवशावर राहू नये. स्त्रीबीज कधी सुटेल ते सांगून सुटत नाही.

जुनी_पेठ | गुरुवार, सायंकाळी ५.४०

मी अडुसष्ट वर्षांची आहे. धागा वाचायला घेतला तेव्हा 'आमच्या वेळी हे असले काही नव्हते' असे लिहिणार होते, पण मग धाकट्या नणंदेची आठवण झाली.

त्या आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहत. त्यांच्या ओठावर आणि गालांच्या कडेने केस होते, आणि त्या पहाटे दार लावून त्यांच्या वडिलांच्या वस्तऱ्याने ते काढीत, हे सगळ्या वाड्याला माहीत होते. बाजूला बसण्याची पद्धत तेव्हा होती, त्यामुळे कोणती बाई कधी बसली नाही हे कुणापासून लपत नसे. नणंदबाई वर्षातून तीन-चार वेळाच बसत. सासूबाई म्हणत, बरेच आहे, सोवळ्यातल्या कामाला हिचा खाडा नाही. पुढे पन्नाशीच्या आत त्यांना मधुमेह झाला, आणि नंतर फार अंगावरून जाऊ लागले तेव्हा गर्भाशयाच्या अस्तराचा आजार निघाला. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असे मला कालपर्यंत वाटले नव्हते. संबंध होता का, हे येथल्या डॉक्टरबाईंनी सांगावे.

कर्वेनगर_निवृत्त | गुरुवार, रात्री ९.३०

त्यांना न तपासता निश्चित सांगणे योग्य होणार नाही, पण तुम्ही लिहिलेला क्रम मला ओळखीचा आहे. पाळी आली नाही तरी गर्भाशयाचे अस्तर वाढतच राहते. ते महिनोन्‌महिने बाहेर पडले नाही तर जाड होते आणि काही स्त्रियांत पुढे त्यात कर्करोगजन्य बदल होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ पाळी न आल्यास ती औषधाने आणावी लागते. 'पाळी नाही तर कटकट नाही' हे आजही सुशिक्षित मुलींच्या तोंडून ऐकू येते, तेव्हा मला तुमच्या सासूबाई आठवतील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताच नसतो. तुमच्या नणंदबाई त्या काळात तशा होत्या, आणि मोगरा गेल्या महिन्यापर्यंत होत्या.

एक वेगळी सूचना. येथे वर्णन केलेली लक्षणे वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा डोक्यावर पुरुषांसारखे टक्कल पडू लागले, तर त्यामागे क्वचित संप्रेरके बनवणारी गाठ असू शकते, तेव्हा तारखा लिहीत बसू नये, लगेच दाखवावे. स्तनांतून दुधासारखा स्राव येणे हेही वेगळ्या आजाराकडे बोट दाखवते. आणि मनाची उदासी किंवा सततची चिंता असेल तर तीही लक्षणांच्याच यादीत धरून सांगावी. या विकारात ती पुष्कळ आढळते आणि तिला स्वभाव म्हणून सोडून दिले जाते.

अभ्यासिका | पुढच्या बुधवारी, रात्री १०.१०

तारखा लिहिलेल्या नव्हत्या, म्हणून मी दुसरी युक्ती केली. पॅडचे पैसे मी नेहमी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात भ्रमणध्वनीवरून देते आणि एका वेळी एकच पाकीट घेते, त्यामुळे व्यवहारांच्या यादीतून तारखा निघाल्या. बारा महिन्यांत पाच.

तो कागद घेऊन मी सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. या वेळी दहा दिवस चिमटा वापरला नव्हता. ओढणी हनुवटीपर्यंत घेऊन बसले होते, पण विचारल्यावर बाजूला केली. त्यांनी नऊही जागा पाहिल्या, मी काय खाते ते तपशिलाने विचारले आणि तपासण्या लिहून दिल्या. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन व्यवस्थित आले आहे, टेस्टोस्टेरॉनचा अहवाल यायचा आहे, आणि ग्लुकोज पिऊन करायची तपासणी शनिवारी सकाळी आहे.

रात्री गावी आईला दूरध्वनी केला. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की तुझ्या मावशीलाही असेच होते. मावशीला चाळिशीच्या आधीपासून साखर आहे. घरात कुणाला मधुमेह आहे का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी नाही म्हणाले होते. शनिवारी ते दुरुस्त करून येते.